माफीचा अर्ज

गुलाबराव मेश्राम यांना लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस होती. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात ते सेक्शन ऑफिसर होते आणि दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत. संध्याकाळी ऑफिसातून आले, चहा झाला, की त्यांचं दार उघडं असायचं. कॉलनीतलं कुणी ना कुणी कागदांची पिशवी छातीशी धरून दारात उभं असायचंच. “मेश्राम साहब, ज़रा फॉर्म देख लेंगे?”

देश एक्क्याण्णव साली खुला झाला म्हणतात. त्यातलं अर्थशास्त्र ज्याचं त्यानं बघावं. लक्ष्मीबाई नगरात त्याचा अर्थ एवढाच झाला की ज्या घरांतून बदलीशिवाय कुणी गाव सोडलं नव्हतं, त्या घरांतली पोरं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघाली. त्यांचे पासपोर्टचे फॉर्म, व्हिसाचे फॉर्म, आईबापांची प्रतिज्ञापत्रं, सगळं गुलाबरावांच्या टेबलावरून जायचं. आणि फी! फीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. कोणत्या देशाची फी कधी वाढली, नवी कोणत्या तारखेपासून, जुना ड्राफ्ट चालेल की परत येईल, सगळं तोंडपाठ. “फी वाढायच्या आत अर्ज करा,” ते प्रत्येकाला सांगत. “फी कमी झालेली मी जन्मात पाहिली नाही.” या कामाचे त्यांनी कुणाकडून पैसे घेतले नाहीत, मिठाईचा डबासुद्धा परत पाठवला. घेतला तो मान. तो मात्र पोटभर घेतला.

अर्ज लिहायची त्यांची एक पद्धत होती. भंडाऱ्याकडच्या मराठी शाळेत शिकलेला माणूस. दिल्लीत आयुष्य गेलं तरी इंग्रजी थेट सुचायचं नाही. म्हणून प्रत्येक वाक्य आधी मराठीत तोंडातल्या तोंडात म्हणायचं, मान डोलवायची, आणि मग इंग्रजीत कागदावर उतरवायचं. पंजाबी, बंगाली, मद्रासी पोरांचे अर्ज अशा रीतीनं मराठीतून अमेरिकेला गेले. समोर बसलेल्यांना वाटे साहेब मंत्र म्हणतायत.

घरात हीच पद्धत त्यांनी मुलीला लावली. श्रावस्ती त्यांची एकुलती एक. दिल्लीत जन्मलेली, मैत्रिणींशी हिंदी बोलणारी, मराठीला जागोजागी भोकं पडलेली. ती बुजवायला गुलाबरावांनी नियम केला, की काही हवं असेल तर मराठीत अर्ज द्यायचा. “बाबा, मला पिकनिकला जाऊ दे,” असा पहिला अर्ज आला, तेव्हा त्यांनी लाल पेननं ‘दे’ खोडून ‘द्यावे’ केलं. “कर, दे, ये हे घरात बोलायचं. अर्जात करावे, द्यावे, यावे,” त्यांनी समजावलं. अर्जाखाली ते ऑफिसातल्यासारखा शेरा मारत: मंजूर, नामंजूर, नाहीतर विचाराधीन.

“विचाराधीन म्हणजे?” श्रावस्तीनं विचारलं होतं.

“म्हणजे अजून ठरलेलं नाही. थांबायचं.”

थांबायचं म्हणजे आईनं स्वयंपाकघरात बाबांशी बोलेपर्यंत, हे पोरीला लवकरच कळलं. भीमाबाईंनी बाजू घेतली की विचाराधीन अर्ज जेवणाआधी मंजूर होऊन बाहेर पडायचा.

एवढी हौस अर्जांची, पण एका प्रकारचा अर्ज गुलाबराव कुणासाठीही मन लावून लिहीत नसत. तो म्हणजे माफीचा. कुणी येऊन म्हणालं, “साहब, फीस माफ़ हो सकती है क्या?” तर ते लिहून देत, पण त्या माणसाकडे चष्म्यावरून असं बघत की बिचारा पुन्हा यायचा नाही. याचं मूळ होतं त्यांच्या शाळेत. ज्या मुलांना फीमाफी असे त्यांना तेव्हा नादार म्हणत. दर जूनला हेडमास्तर वर्गात येत आणि म्हणत, “नादार उभे राहा.” गुलाब उभा राहायचा. हेडमास्तर नावं ताडून पाहीपर्यंत, बाकीचा वर्ग बसलेला आणि हा उभा. शेजारचा मुलगा एकदा हळूच म्हणाला, “फुकट्या.” आयुष्यात पुढे गुलाबला यापेक्षा वाईट पुष्कळ काही ऐकून घ्यावं लागलं, जातीवरून तर विचारूच नका, पण तो एक शब्द काट्यासारखा आत मोडला तो मोडलाच. तेव्हा त्यानं ठरवलं, पुन्हा कधी माफी नाही मागायची. ना फीची, ना कशाची.

छप्पन्न साली घर बौद्ध झालं. केंद्राच्या नियमात त्या वेळी बौद्धांना सवलत नव्हती, त्यामुळे गुलाबराव परीक्षा देऊन नोकरीत लागले ते खुल्या जागेवरून. हे ते कधी विसरले नाहीत आणि दुसऱ्या कुणाला विसरू दिलं नाही. पुढे नव्वद साली कायदा बदलला, बौद्धांनाही सवलत आली. बढतीच्या वेळी बरोबरीच्या लोकांनी आपापले कागद पुढे केले. यांनी केले नाहीत. “कायद्यानं दिलंय, कुणाच्या बापाचं नाही,” भीमाबाई म्हणाल्या. “मला नको,” गुलाबराव म्हणाले. मागून आलेले वर गेले आणि हे होते त्याच खुर्चीत, नाक तेवढं वर. बायको म्हणे, “पडलो तरी नाक वर, असं आहे तुमचं.” त्यांना ती स्तुती वाटे.

श्रावस्तीचं लग्न अठ्ठ्याण्णवमध्ये झालं. मुलगा जयेश, मूळचा नागपूरचा, आपल्यातलाच, नोएडात एका कंपनीत इंजिनीअर होता आणि अमेरिकेला निघाला होता. त्याचा व्हिसाचा फॉर्म गुलाबरावांनीच भरून दिला होता. फॉर्म भरता भरता त्यांना तो आवडला. कागद नीट, मार्क चांगले, एकही खाडाखोड नाही. त्यांनी कागद पाहून जावई निवडला, असं भीमाबाई पुढे म्हणायच्या, पण तेव्हा त्याही गप्प होत्या. श्रावस्ती अमेरिकेला गेली. तिकडेच तिला मुलगी झाली, अक्षया. काही वर्षांनी ग्रीन कार्डं आली, तेव्हा गुलाबरावांनी कॉलनीत स्वतःच्या पैशानं पेढे वाटले.

दोन हजार तीन साली गुलाबराव रिटायर झाले, क्वार्टर सोडलं आणि नोएडात सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. आजूबाजूला अजून मोकळी जमीन होती, रस्ते रुंद आणि झाडं गुडघ्याएवढी. सामान लागतं न लागतं तोच तिकडून फोन आला. श्रावस्ती जयेशचं घर सोडून मुलीला घेऊन वेगळी राहू लागली होती.

गुलाबरावांनी का म्हणून विचारलं नाही. हे लिहून ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. त्यांनी विचारलं ते हे: “मी लोकांना काय सांगू?” आणि मग म्हणाले, “आधी त्याची माफी माग. माफी मागितल्याशिवाय माझ्याशी बोलायचं नाही.”

“ठीक है, बाबा,” श्रावस्ती म्हणाली. तिला राग आला की ती हिंदीत जायची.

त्यानंतर चार वर्षं बापलेक बोलले नाहीत. रविवारी सकाळी फोन यायचा, भीमाबाई बोलायच्या, आणि गुलाबराव बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायचे. फोन लांबला तर पाणीही लांबायचं. त्या पाण्यानं त्यांचे दोन गुलाब कुजून मेले. भीमाबाई फोन ठेवून काही सांगायला आल्या की ते म्हणत, “मला ऐकायचं नाही.” आणि सोसायटीत कुणी विचारलं तर: “मुलगी मजेत आहे. अमेरिकेत.”

तर दोन हजार सातच्या जूनमधला एक रविवार. गुलाबराव बाल्कनीत. आत फोनवर भीमाबाई “काय? काय म्हणतेस?” करतायत. स्वस्तातल्या कार्डावरचा फोन, निम्मे शब्द समुद्रात पडायचे. मग त्या जवळजवळ धावतच बाहेर आल्या. डोळे भरलेले.

“अहो, पोर माफीचं बोलत होती.”

गुलाबरावांच्या हातातली झारी थांबली. “काय म्हणाली?”

“म्हणाली, बाबांना सांग, माफीचं लिहायचंय, मला जमत नाही, शब्दच सुचत नाहीत. मग लाइन गेली. पुढल्या रविवारी तुमच्याशी बोलायचंय म्हणाली. बोलाल ना?”

“बोलेन की,” गुलाबराव म्हणाले आणि झारी खाली ठेवली. “मागतेय ना माफी? मग मी काय राक्षस आहे?”

तो आठवडा गुलाबरावांचे पाय जमिनीवर नव्हते. रोज सकाळी बागेत त्यांच्याबरोबर चालायला शेजारचे विनायकराव असत, रेल्वेतून रिटायर झालेले, साधे सरळ. चार वर्षांत गुलाबरावांनी त्यांच्याकडे मुलीचा विषय नीटसा काढला नव्हता. आता स्वतःहून काढला. जावयाशी खटका उडाला होता, पोरीनं हट्ट केला, पण शेवटी संस्कार कुठे जातात, माफी मागतेय. “मोठं मन लागतं हो माफ करायला,” विनायकराव म्हणाले. गुलाबरावांनी नाही म्हटलं नाही.

एक दिवस बस पकडून ते करोल बागेत गेले, नातीला चांदीचे पैंजण घ्यायला. सोनारानं विचारलं, “बच्ची कितने साल की है?” गुलाबराव अडखळले. सहा की सात? मग म्हणाले, “आप बीच का दे दो.” परत येताना बसमध्ये त्यांना थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण ते तेवढ्यापुरतं.

माफ कसं करायचं याचीही त्यांनी तयारी केली. नेहमीच्या पद्धतीनं वाक्यं तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिली. फार कडक नको, फार मऊही नको.

रविवारी फोन वाजला. भीमाबाईंनी उचलून लगेच पुढे केला.

“हॅलो, बाबा?”

चार वर्षांनी तो शब्द कानात पडला. पण तयारी केलेली होती. ते खाकरले. “हे बघ श्रावस्ती. झालं ते झालं. माणूस चुकतो. तू माफी मागितलीस यात कमीपणा काही नाही. मी तुला माफ केलंय. जयेशशीही मी स्वतः बोलेन, त्याला म्हणेन...”

“एक मिनट, बाबा. कसली माफी?”

“तू आईला म्हणालीस ती.”

“आईला मी म्हटलं, माफीचा अर्ज कसा लिहायचा ते बाबांना विचार.” आज लाइन अगदी स्वच्छ होती. “फीची माफी, बाबा. सिटिझनशिपची फी.”

गुलाबराव उभे होते ते खुर्चीत बसले. भीमाबाई दारात उभ्या राहून हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होत्या. त्यांच्याकडे बघणं शक्य नव्हतं म्हणून ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

श्रावस्तीनं मग सांगितलं, तुटक तुटक, मराठी-हिंदी-इंग्रजीची भेळ करून. ती एका वाण्याच्या दुकानात गल्ल्यावर काम करते. जयेशकडून काही येत नाही. आता सैनिकांच्या सरकारी दवाखान्यात एक जागा आहे, कारकुनाची, पक्की, तिला घ्यायला तयार आहेत, पण नागरिक हवी. तर अर्ज करायचाय, आणि तीस जुलैपासून त्याची फी जवळजवळ डबल होतेय. “जुनी फीसुद्धा मला जमत नाहीये, बाबा. पण ज्याला जमत नाही त्याला माफ करायची सोय आहे त्यांच्या कायद्यात. पत्र लिहावं लागतं, आपल्या शब्दांत. मी खूप ट्राय केलं. बसते आणि रडायला येतं. मग म्हटलं, बाबांनी सगळ्या कॉलनीचे अर्ज लिहिले. माझा लिहितील?”

गुलाबरावांना त्या क्षणी काय वाटलं? मुलीची कीव वाटली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. त्यांना वाटली लाज. ज्या अमेरिकेच्या नावानं पेढे वाटले, तिथे आपली मुलगी गल्ल्यावर बसते. ज्या देशाच्या झेंड्याला आपण दर सव्वीस जानेवारीला सलाम करतो तो सोडून ती दुसऱ्याचं नागरिकत्व घेतेय, आणि तेही फुकट मागून. विनायकरावांना काय सांगायचं?

“पैसे मी पाठवतो,” ते म्हणाले.

“नको, बाबा.”

“अगं, फीची काय गोष्ट आहे? उद्या बँकेत जातो.”

“नको म्हटलं ना. तुमच्या पैशाला अट असते. त्यांच्या माफीला नाही.”

हे खरं होतं म्हणून झोंबलं. “आपल्या घरात कुणी माफीसाठी हात पसरला नाही,” गुलाबरावांचा आवाज चढला. “मेश्रामांची मुलगी परक्या मुलखात नादार म्हणून उभी राहणार? लोक काय म्हणतील?”

मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, “नादार म्हणजे काय, बाबा?”

तिला शब्दच माहीत नव्हता. माहीत नसावा म्हणूनच तर त्यांनी आयुष्यभर खटपट केली होती. “काही नाही,” ते म्हणाले आणि फोन भीमाबाईंच्या हातात देऊन बाल्कनीत गेले. कुंड्या ओल्या होत्या.

फोन संपला तशा भीमाबाई त्यांच्या मागे आल्या. मघाचं हसू पार पुसलं होतं. “चूक माझी झाली. मला जे ऐकायचं होतं तेच मी ऐकलं. पण तुम्ही आत्ता काय बोललात ते मी नीट ऐकलंय.”

“भीमा, आता नको.”

“आताच. चार वर्षं तुम्ही नको म्हणताय आणि मी गप्प बसतेय. हात उचलायचा तो तिच्यावर. अक्षया पोटात होती तेव्हापासून. मी सांगायला आले की तुम्ही झारी उचलायचात. अशा माणसाची माफी मागायला सांगितलीत तुम्ही पोरीला.”

एकही खाडाखोड नसलेला जयेशचा तो फॉर्म गुलाबरावांना आठवला.

“आणि नादारीचं मला सांगू नका,” भीमाबाई थांबल्या नाहीत. “लग्न होऊन आले त्याच वर्षी सासूबाईंनी सांगितलंय. माझा गुलाब शाळेतून यायचा आणि म्हणायचा, आज उभं राहावं लागलं. रडायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत जायचा. त्या नादारीवर तुम्ही शिकलात, साहेब झालात. हक्काला भीक दुसऱ्यांनी म्हटलं ते समजू शकते मी. तुम्हीही म्हणायला लागलात!” एवढं बोलून त्या आत गेल्या. त्या दिवशी भांड्यांचा आवाज जरा जास्तच आला.

पुढचे काही दिवस गुलाबराव मूग गिळून बसले. पैंजणांची डबी टीव्हीवर होती, ती त्यांनी उचलून कपाटात टाकली, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. चालायला जायचंही टाळलं. पण एका सकाळी दूध आणायला उतरले आणि विनायकराव समोर उभे.

“काय गुलाबराव, दिसला नाहीत! मग, केलं का लेकीला माफ?”

विचारणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. चेहऱ्यावर खरा आनंद होता. गुलाबरावांना वाटलं, सांगून टाकावं. सांगावं की माफ करण्यासारखं तिनं काही केलंच नव्हतं.

“हो,” ते म्हणाले.

“वा! बाप असावा तर असा.”

दुधाची पिशवी घेऊन गुलाबराव जिन्यावर आले आणि तिथेच पायरीवर बसले. ‘फुकट्या’ हा शब्द त्यांनी पन्नास वर्षं सांभाळला होता. आज पहिल्यांदा तो त्यांना आपल्याला शोभण्यासारखा वाटला. न केलेल्या मोठेपणाची शाबासकी त्यांनी आत्ता फुकट घेतली होती. हेडमास्तरांपुढे उभं राहताना वाटली त्याहून ही शरम वेगळी होती. तेव्हा त्यांनी काही केलं नव्हतं, लोकांनी केलं होतं. आता लोकांनी काहीच केलं नव्हतं.

वर येऊन त्यांनी दूध ओट्यावर ठेवलं आणि फोनचं कार्ड शोधलं. “तिचा नंबर सांग,” ते भीमाबाईंना म्हणाले. मुलीचा नंबर त्यांना पाठ नव्हता. भीमाबाईंनी एकेक आकडा सांगितला, न टोमणा मारता, आणि ते जास्तच लागलं.

तिकडे संध्याकाळ होती. “हॅलो?” श्रावस्तीचा आवाज सावध होता.

“मी बोलतोय. कागद-पेन घे.”

“बाबा?”

“तारीख जवळ आलीय. फी वाढायच्या आत अर्ज पोचला पाहिजे. घेतलंस पेन?”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “घेतलं.”

“आधी मराठीत सांगतो. इंग्रजी तू कर, तुझं माझ्यापेक्षा चांगलं आहे.”

“तुमची जुनी पद्धत,” ती म्हणाली. हसली की नाही ते कळलं नाही.

पण त्याआधी एक राहिलं होतं. गुलाबराव म्हणाले, “त्या दिवशी तू विचारलंस, नादार म्हणजे काय. नादार म्हणजे ज्याच्याकडे फी भरायला नाही, म्हणून ज्याला ती माफ असते. मी होतो नादार. मॅट्रिकपर्यंत. वर्गात उभं करायचे.”

“तुम्ही कधी सांगितलं नाहीत.”

“लाज वाटायची.”

“आणि आता?”

“आता दुसऱ्या गोष्टीची वाटते. लिही.”

ते सांगत गेले आणि ती लिहीत गेली. मी माझ्या मुलीसह एकटी राहते. मी रोज कामावर जाते. मिळकतीत घरभाडं, जेवण आणि मुलीची शाळा भागते, फी भागत नाही. इथे श्रावस्ती थांबली. “पतीचं काय लिहू?”

गुलाबरावांनी डोळे मिटले. “खरं ते लिही. तो हात उचलत होता म्हणून घर सोडलं, असं लिही.”

तिकडून पेनाचा आवाज आला नाही.

“लिहिलंस?”

“तुम्हाला माहितेय?”

“आता माहितेय. आधीच विचारायला हवं होतं. लिही, थांबू नको. सबब, माझी फी माफ करावी, ही विनंती.”

“सबब म्हणजे बहाना ना?” तिनं नाक ओढत विचारलं.

“बोलण्यात बहाना. अर्जात ‘म्हणून’.”

“अच्छा.”

तिनं सगळं वाचून दाखवलं. मराठीत अडखळत, इंग्रजीत सरळ. चांगला अर्ज होता, कुठे रडगाणं नाही, कुठे तोराही नाही. गुलाबरावांनी सवयीप्रमाणे मान डोलवली. स्वयंपाकघराच्या दारात भीमाबाई उभ्या होत्या. दूध उतू जाईल म्हणून गॅस बंद करून आल्या होत्या.

“झालं ना, बाबा?”

“नाही. अजून एक,” गुलाबराव म्हणाले. त्यांनी ते वाक्य तोंडातल्या तोंडात आधी म्हणून पाहिलं, आणि मग मोठ्यानं म्हणाले. “मला माफ कर.”

“‘करावे’, बाबा,” पेन चालवत ती म्हणाली. “तुम्हीच शिकवलंय. अर्जात ‘कर’ चालत नाही. पण माफीचं वर आलंय ना? परत कशाला?”

“हे अर्जातलं नाही.”

पेन थांबलं. फोनमध्ये दूरवर एका लहान मुलीचा आवाज येत होता, इंग्रजीत काहीतरी विचारणारा, आणि तिला कुणी उत्तर देत नव्हतं.

“विचाराधीन,” शेवटी श्रावस्ती म्हणाली.

“बरं,” गुलाबराव म्हणाले. “मी थांबतो.”